वाफा आणि चर

वाफा हा शब्द शेतकऱ्याच्या घरात जितका नित्याचा, तितकाच तो इतिहासाच्या ग्रंथांत दुर्मीळ आहे. राजधान्यांचे तट, देवालयांची शिखरे, नद्यांवरील घाट यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. परंतु त्या राजधान्यांत राहणाऱ्या माणसांची भाजी मातीच्या ज्या वीतभर उंच गादीवर पिकत होती, तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. याचे एक कारण उघड आहे. तट पडला तरी त्याचे दगड उरतात; वाफा मोडला की त्याची माती मातीत मिसळून जाते. तथापि ज्या काही थोड्या ठिकाणी उंच वाफ्यांचा इतिहास शिल्लक आहे, तेथे तो इतका बोधप्रद आहे की त्याकडे दुर्लक्ष करणे आपल्याच तोट्याचे ठरेल.

प्रथम वाफा म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे पाणी धरून ठेवायचे तेव्हा सपाट वाफा करतात आणि पाणी निथळून जावयास हवे तेव्हा गादीवाफा करतात. कांदा, मिरची, वांगी यांचे रोप पावसाळ्यात तयार करावयाचे असले की माळी सुमारे हातभर किंवा मीटरभर रुंदीची, वीतभर उंचीची मातीची गादी घालतो, तीत कुजलेले शेणखत मिसळतो आणि दोन गाद्यांच्या मध्ये चालण्यापुरती सरी ठेवतो. रुंदी एवढीच ठेवावयाची की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा आणि गादीवर पाय ठेवण्याची वेळ कधीच येऊ नये. कारण पायाने दडपलेल्या मातीत हवा खेळत नाही. रोपाच्या मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. पाणी साचले की मुळे गुदमरतात, रोपे बुडाशी कुजून माना टाकतात. उंच वाफ्याचे सारे शास्त्र एवढ्यात सामावले आहे.

परंतु यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. वाफ्याची उंची आकाशातून येत नाही. ती शेजारच्या सरीतून उपसलेल्या मातीची असते. म्हणजे गादी व सरी, वाफा व चर या दोन स्वतंत्र वस्तू नसून एकाच रचनेची दोन अंगे आहेत. चर बुजला की वाफा उंच राहत नाही, आणि चराकडे पाहणारा माणूस गेला की चर बुजल्यावाचून राहत नाही. हे साधे तत्त्व मोठ्या प्रमाणावर, राज्यांच्या आणि नगरांच्या भवितव्यात कसे प्रकट झाले आहे, हेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

पाणी आणि लागवड यांचे नाते आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाचे, म्हणजे शेतीखात्याच्या अधिकाऱ्याचे, कर्तव्य सांगताना कोणते पीक पाण्यापासून किती अंतरावर घ्यावे याचा विचार केलेला आहे. वेलीची फळे जेथे नदीच्या लाटा काठाला येऊन लागतात तेथे, आणि भाज्या व कंदमुळे विहिरीच्या आसपास, अशी ती वाटणी आहे. जमिनीची प्रतवारी तिच्या पाण्याशी असलेल्या नात्यावरून ठरविण्याची ही दृष्टी शासनाची दृष्टी आहे. परंतु या तत्त्वावर एखादे महानगर उभे राहिल्याचे उदाहरण पाहावयाचे, तर आपल्याला दूर मेक्सिकोच्या खोऱ्यात जावे लागेल.

हे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. भोवताली डोंगर, आणि पाण्याला बाहेर जाण्यास नैसर्गिक वाट नाही. त्यामुळे एके काळी तेथे सरोवरांची एक मालिकाच पसरलेली होती. मधले तेश्कोको सरोवर खारे होते. दक्षिणेकडील चाल्को व सोचिमिल्को ही सरोवरे किंचित उंचावर असून डोंगरपायथ्याच्या झऱ्यांमुळे त्यांचे पाणी गोडे होते. ही गोडी सरोवरे उथळ व लव्हाळ्यांनी भरलेली होती. ती जमीन नव्हे आणि धड पाणीही नव्हे. आपण जिला दलदल म्हणून सोडून देऊ, अशा या भूमीवर तेथील लोकांनी जी बागाईत उभी केली, तिला ‘चिनाम्पा’ म्हणतात. नाहुआत्ल भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ वेतांचे कुंपण, आपल्या भाषेत बोलावयाचे तर कूड, असा आहे.

चिनाम्पा बांधण्याची रीत अशी. उथळ पाण्यात लांबट चौकोन आखून त्याच्या कडेने खुंट ठोकावयाचे आणि वेतांचा कूड विणावयाचा. मग आत पाणवनस्पतींचा थर, त्यावर तळाच्या गाळाचा थर, पुन्हा वनस्पती, पुन्हा गाळ, असे थर पाण्याच्या वर सुमारे अर्धा ते एक मीटर येईपर्यंत रचीत जावयाचे. गाळ जेथून उपसला तेथे आपोआप कालवा तयार होई. कडेला वाळुंजाच्या जातीची एक सरळसोट वाढणारी झाडे लावीत. त्यांची मुळे काठ घट्ट धरून ठेवीत आणि उभट वाढीमुळे पिकांवर सावलीही फारशी पडत नसे. पट्टा अरुंद ठेवण्यात मोठे शहाणपण होते. दोन्ही बाजूंच्या कालव्यांचे पाणी मातीतून झिरपत मुळांपर्यंत पोहोचे, म्हणून पावसाने ओढ दिली तरी पीक सुकत नसे. आणि वाफा पाण्याच्या वर असल्यामुळे मुळे कुजतही नसत.

बांधणीपेक्षाही निगेची पद्धत अधिक लक्ष वेधून घेते. शेतकरी सपाट बुडाच्या होडीतून कालव्यात फिरे आणि लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या पिशवीने तळाचा काळा गाळ उपसून वाफ्यावर घाली. एकाच कामात दोन कामे होत. वाफ्याला खत मिळे आणि कालवा मोकळा राही. रोपे तयार करण्याचीही एक खास रीत होती व आजही आहे. वाफ्याच्या एका टोकाला गाळ पसरून तो थोडा आळला की सुरीने त्याच्या लहान चौकोनी वड्या पाडतात, प्रत्येक वडीत भोक पाडून बी घालतात, आणि रोप वाढले की मातीच्या वडीसकट ते उचलून लावतात. थंडीत त्यांवर गवताचे आच्छादन घालतात. मूळ दुखावत नाही, रोप चुकत नाही आणि मोठ्या वाफ्यावरचे जुने पीक निघेपर्यंत नवे पीक लहान वाफ्यावर वाढत असते. यामुळेच तेथे वर्षभर एकामागून एक पिके घेता येत.

या वाफ्यांवर मका, घेवडा, भोपळा, राजगिरा, मिरची, टोमॅटो आणि फुले पिकत. यांतील बहुतेक नावे आपल्याला परकी वाटत नाहीत. मिरची, टोमॅटो, मका ही आपल्या स्वयंपाकघरातील मंडळी मूळची अमेरिका खंडातील आहेत, आणि पोर्तुगिजांची गलबते आपल्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी इकडे कोणी मिरचीचे नावही ऐकले नव्हते. दसऱ्याला आपण ज्याचे तोरण दाराला लावतो तो झेंडूही मूळचा तिकडचाच. ‘सोचिमिल्को’ या नावाचा अर्थच फुलांच्या शेताची जागा असा आहे.

इ. स. १३२५ च्या सुमारास मेशिका लोकांनी तेश्कोको सरोवरातील एका बेटावर तेनोच्तित्लान नगर वसविले. सुरुवातीस ते दुर्बळ व दुसऱ्याचे मांडलिक होते. आपल्या धन्याने खंडणीखातर भाजीपाल्यासह तरंगता मळा ओढून आणावयास सांगितला आणि त्यांनी तो आणला, अशी कथा आकोस्ता या स्पॅनिश पाद्र्याने १५९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आली आहे. पुढे ‘तरंगत्या बागा’ हे वर्णन युरोपभर रूढ झाले ते अशाच कथांमुळे. परंतु चिनाम्पा तरंगत नसत. त्या तळापासून वर आणलेल्या व भूमीत रोवलेल्या बागा होत्या. १८०३ साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा विख्यात जर्मन प्रवासी मेक्सिकोत गेला, तेव्हाही त्याच्या पाहण्यात प्रामुख्याने अशा स्थिर बागाच आल्या.

पंधराव्या शतकात इत्झकोआत्ल राजाने सोचिमिल्को जिंकले आणि दक्षिणेकडील गोड्या सरोवरांतील बागाईत राजधानीच्या सेवेला जुंपली गेली. १४४९ साली मोठा पूर आला. त्यानंतर तेश्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या योजनेने सरोवरात सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला. पूर आवरणे हे या बांधाचे एक काम, आणि पूर्वेकडील खारे पाणी राजधानीभोवतालच्या गोड्या पाण्यात येऊ न देणे हे दुसरे. एक वेळ पुरातून वाचलेला वाफा पुन्हा पिकेल. पण खारे पाणी मुरलेला वाफा पिकणार नाही. १५१९ च्या नोव्हेंबरात हर्नान कोर्तेस या नगरीत शिरला, तेव्हा तिची वस्ती दीड ते दोन लाखांच्या आसपास असावी, असा पुष्कळ अभ्यासकांचा अंदाज आहे. ओझी वाहणारी जनावरे नसलेल्या त्या देशात एवढ्या लोकांची भाजी पहाटे होड्यांतून बाजारात येत होती. ज्या कालव्याने वाफ्याला पाणी दिले, तोच कालवा वाफ्याचा माल शहराला पोहोचवीत होता.

ही व्यवस्था टिकली कशी, याचे उत्तर केवळ बांधकामात नाही. अलोन्सो दे सोरिता नावाचा स्पॅनिश न्यायाधिकारी १५५६ पासून सुमारे दहा वर्षे मेक्सिकोत होता. जुन्या राज्यव्यवस्थेची त्याने साक्षेपाने चौकशी केली. त्याच्या नोंदीप्रमाणे जमीन ही त्या त्या वसाहतीची सामाईक असे आणि कुटुंबाला ती कसण्यासाठी मिळे. सबळ कारण नसताना कोणी ती दोन वर्षे पडीक ठेवली तर त्यास समज देत. पुढच्या वर्षीही कसली नाही तर ती काढून दुसऱ्यास देत. आजारी, पोरके किंवा वृद्ध यांना मात्र सूट असे. हा नियम वाचताना मला तो राजाच्या बांधाइतकाच मोलाचा वाटतो. शासकीय दप्तरे ज्यांच्या हाताखालून जातात त्यांना ठाऊक आहे की नव्या कामाच्या मंजुरीसाठी जाडजूड प्रकरणे तयार होतात, परंतु झालेल्या कामाच्या देखभालीसाठी एखादी ओळ सापडली तरी नशीब. तेनोच्तित्लानच्या राज्यात देखभाल हा कायद्याचा विषय होता.

पुढची हकीकत दुःखाची आहे. १५२० मध्ये देवीची साथ आली आणि १५२१ मध्ये वेढ्यानंतर नगर पडले. युद्धात बांध व मार्ग ठिकठिकाणी फोडले गेले, आणि त्यांची डागडुजी करणारी मनुष्यशक्ती रोगराईने हिरावून नेली. नव्या राज्यकर्त्यांना सरोवर म्हणजे शहराचा शत्रू वाटे. १६०७ साली त्यांनी खोऱ्यातील पाणी डोंगरातून बाहेर काढून देण्याचे काम आरंभिले. तरीही १६२९ मध्ये शहर बुडाले आणि १६३४ पर्यंत पाण्यातच राहिले. मग पाणी काढून देण्याचा निश्चय अधिकच दृढ झाला. १९०० मध्ये मोठा निचरा-कालवा पुरा झाला आणि सरोवरे इतिहासजमा होत गेली. पाण्याशी नांदण्याचे शास्त्र मागे पडून पाणी हद्दपार करण्याचे शास्त्र पुढे आले.

दक्षिणेकडील सोचिमिल्कोच्या बागा मात्र तग धरून राहिल्या. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या झऱ्यांवर त्या जगत होत्या, त्यांचेच पाणी नळांनी राजधानीला नेण्यात आले. शतकानुशतके ज्या वाफ्यांनी शहराला भाजी पुरविली, त्या वाफ्यांचे पाणी शहर पिऊन बसले. कालव्यांची पातळी खालावली, काही कोरडे पडले, आणि पुढे त्यांत शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडावे लागले. १९८७ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आज तेथे रंगीबेरंगी नावांतून सहली निघतात. काही चिनाम्पांवर फुटबॉलची मैदाने झाली आहेत, पुष्कळ ओस पडल्या आहेत, आणि काही कुटुंबे अजूनही गाळाच्या वड्या पाडून रोपे लावीत आहेत. त्या कालव्यांत राहणारा, पाय व शेपूट दोन्ही असलेला आशोलोत्ल नावाचा चमत्कारिक जलचर आज निसर्गात जवळजवळ नामशेष झाला आहे. चराचे पाणी कसे आहे, याचे त्याच्याहून बोलके प्रमाण दुसरे नाही.

मोडलेले वाफे पुन्हा बांधता येतील काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतील पेरू व बोलिव्हिया यांच्या सीमेवर मिळते. सुमारे ३,८०० मीटर उंचीवरील तितिकाका सरोवराच्या काठी प्राचीन उंच वाफ्यांच्या खुणा दिसतात. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या भूगोलज्ञांच्या पाहणीत अशा खुणांचे क्षेत्र सुमारे ८२ हजार हेक्टर असल्याचे दाखविले गेले. या वाफ्यांना क्वेचुआ भाषेत ‘वारू वारू’ म्हणतात. दोन वाफ्यांमधल्या चरांतील पाणी दिवसा ऊन शोषून घेते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते. त्यामुळे बटाट्याच्या पिकाचा हिमकडाक्यापासून काहीसा बचाव होतो. १९८१ पासून क्लार्क एरिक्सन या पुरातत्त्वज्ञाने पेरूतील ऊआता येथील गावकऱ्यांच्या साह्याने असे काही वाफे पुन्हा उभारले. प्रारंभीची पिके आसपासच्या शेतांच्या मानाने फारच उत्तम आली. अनेक संस्था पुढे सरसावल्या आणि शेकडो हेक्टरांवर वाफे बांधले गेले.

परंतु मदतीचा ओघ आटल्यावर त्यांतील पुष्कळसे वाफे पुन्हा पडीक झाले. विद्येत खोट नव्हती, मातीतही नव्हती. चर उपसण्याचे सामुदायिक श्रम वर्षानुवर्षे कोण करणार, तरुण माणसे मजुरीसाठी शहरांकडे गेल्यावर कोणाच्या पाळीने करणार, हा प्रश्न सुटला नव्हता. वाफा बांधण्याचे कौशल्य कित्येक शतकांनंतरही परत मिळविता आले. तो राखणारा समाज मात्र खणून काढता आला नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. श्रीनगरच्या दल सरोवरात या दोन्ही प्रकारच्या बागा आहेत. एक खरोखरच तरंगणारी, जिला तेथे ‘राध’ म्हणतात. लव्हाळ्यांचे लांब पट्टे पाण्यावर तरंगत ठेवून, खुंटांना बांधून, त्यांवर पाणवनस्पती व गाळ यांचे ढीग करून काकडी, खरबूज, टोमॅटो लावतात. दुसरी ‘डेम्ब’. उथळ काठावर वाळुंजाच्या जातीची झाडे लावून, आत होड्यांनी गाळ व शेवाळ टाकीत वाफा पाण्याच्या वर आणतात, आणि दरवर्षी त्यावर ताज्या गाळाचा थर देतात. वॉल्टर लॉरेन्स या मुलकी अधिकाऱ्याने काश्मीरवरील आपल्या १८९५ सालच्या ग्रंथात या दोहोंचे वर्णन केले आहे. तरंगती बाग रात्री कोणी ओढून नेईल अशी भीती मालकाला असे, हेही त्याने नोंदविले आहे. जमिनीची चोरी होते असा हा जगातला बहुधा एकमेव मुलूख! मेक्सिको आणि काश्मीर यांचा परस्परांशी काही संबंध नसताना दोन्हीकडे तीच झाडे, तोच गाळ, तीच होडी यावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सारख्या पाण्याने माणसाला सारखीच बुद्धी शिकविली.

परंतु दलची कहाणी आपल्याला दुसऱ्या टोकाचा धोका दाखविते. सोचिमिल्कोत चर आटले. दलमध्ये ते भरून गेले. गाळ उपसून वाफ्यावर घालण्याऐवजी भर टाकून वाफा वाढवीत नेला की बागेची जमीन होते, जमिनीचे घर होते आणि मधल्या पाणवाटा बंद पडतात. शहराची घाण त्यात येऊन मिळते, तण माजते, आणि ज्या पाण्यावर बाग उभी आहे तेच नासते. सरोवराचा संकोच, तेथील वस्तीचे स्थलांतर, न्यायालयांचे आदेश हे सारे गेली कित्येक वर्षे चालू आहे. तरीही पहाटे दलच्या पाण्यावर भाजीचा बाजार अद्याप भरतो. नदरू, पालेभाज्या, काकड्या यांनी लादलेल्या होड्या एकमेकींना येऊन भिडतात. म्हणजे व्यवस्था अजून जिवंत आहे. मात्र तेथे राखावयाचे आहे ते केवळ बागाइतदाराचे वाफे नव्हेत. वाफ्यांमधले पाणीही राखावयाचे आहे.

या तीन कथांतून निघणारा अर्थ एकच आहे. उंच वाफा ही बांधून पुरी होणारी वस्तू नव्हे. ती रोज थोडी खचते, रोज थोडी धुपते, आणि जो हात तिची झीज भरून काढतो त्याच्याच आधारावर उभी असते. ज्या समाजांनी हे ओळखून निगेसाठी नियम केले, पाळ्या लावल्या, चर उपसणाऱ्याला मान दिला, त्यांचे वाफे शतके टिकले. ज्यांनी वाफ्याचे पीक घेतले आणि चराला विसरले, त्यांचे वाफे एका पिढीत गेले.

आज अनेक नगरांत गच्चीवर, अंगणात, शाळांच्या आवारात विटांच्या किंवा लाकडी चौकटीत माती भरून भाजी लावण्याची हौस वाढत आहे. ही हौस स्वागतार्ह आहे. चौकट उभी करण्याचा दिवस उत्साहाचा असतो आणि त्याची छायाचित्रेही निघतात. परंतु दुसऱ्या पावसाळ्यात माती चार बोटे खाली बसते, पाणी निघून जाण्याची भोके मुळांनी व गाळाने बुजतात, आणि तेव्हा त्या वाफ्याची खरी परीक्षा सुरू होते. दर हंगामास पाटीभर कुजलेले खत घालावे, उघडी माती पालापाचोळ्याने झाकावी, एकाच जातीची भाजी त्याच वाफ्यात लागोपाठ घेऊ नये, आणि सर्वांत आधी पाण्याची वाट मोकळी करावी, हे आपल्या माळ्यांनी पिढ्यान्पिढ्या पाळलेले नियम आहेत. ते लहान वाटतात. पण सरोवरावर वसलेल्या एका महानगराचा संसार अशाच लहान नियमांवर चालला होता, आणि ते पाळणारे हात गेल्यावर त्याच्या बागा मोडल्या, हे ध्यानात ठेवले म्हणजे सरीतली ओंजळभर माती उचलून गादीवर घालणाऱ्या माळ्याकडे आपण अधिक आदराने पाहू.